सहा किलो शिसं

नवी बॅच आली की पहिल्या दिवशी पहिला प्रश्न ठरलेला असतो. खाली किती वेळ राहता येतं, श्वास अडकला तर काय, मोठा मासा समोर आला तर काय, हे सगळं नंतर. आधी कुणीतरी हात वर करून विचारतं, मॅडम, सामान काय काय घ्यावं लागेल आणि खर्च किती येईल. प्रश्न बरोबरच आहे. मंडळी इंटरनेटवर बघून आलेली असतात आणि एकेका वस्तूची किंमत वाचून अर्ध्यांची तोंडं आधीच उतरलेली असतात. मी सांगते, मास्क तेवढा स्वतःचा घ्या, कारण चेहरा ज्याचा त्याचा असतो आणि दुसऱ्याच्या मापाचा मास्क गळतो. पायातल्या फिन्स जमल्या तर घ्या, नाही जमल्या तर आमच्याकडे आहेत. हवा भरायचं जाकीट, तोंडात धरून श्वास घ्यायचा रेग्युलेटर, सिलिंडर, यातलं काहीही विकत आणू नका. आधी आवड टिकते का बघा. आणि मग पाण्यात खाली राहायला कमरेला बांधतात त्या शिशाबद्दल एक वाक्य मी दोनदा म्हणते, मोठ्याने म्हणते, कुणी विचारलेलं नसताना म्हणते: वजन आम्ही देतो. माझ्याबरोबर शिकवणारी मंडळी याला हसतात, मॅडमचा मंत्र म्हणतात. त्यांना कारण माहीत नाही. मी कधी सांगितलेलंच नाही, ते इथे सांगते.

आमचं घर घणसोली गावात. वरच्या दोन मजल्यांवर भाडेकरू आणि खाली आम्ही तिघं: आय, बाबा आणि मी. गाव म्हणजे अंगाला अंग लावून उभी असलेली घरं. दोन घरांमधल्या बोळातून एकाने जायचं तर समोरच्याने थांबायचं. पलीकडे टॉवर उभे राहिले होते आणि त्यातल्या एका सोसायटीत बाबा पंप चालवायचे. सकाळी मोटर लावायची, गच्चीवरच्या टाक्या भरायच्या, वॉल्व्ह फिरवायचे, दुपारी परत तेच. जन्म खाडीत गेला आणि आता चौदाव्या मजल्यावर पाणी चढवतोय, असं ते स्वतःच हसत सांगायचे. सोसायटीतले लोक त्यांना पंपवाले काका म्हणत. स्वतःच्या लेखी मात्र ते शेवटपर्यंत पागेरेच होते. पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं. त्याच्या कडेला शिशाचे मणी ओवलेले असतात. जाळं हवेत उघडतं, पाण्यावर पडतं आणि ते मणी त्याला खाली घेऊन जातात. बाबांनी त्यांचा पाग लग्नाआधी स्वतः विणला होता आणि मणी त्यांच्या वडिलांच्या जुन्या पागाचे काढून लावले होते. तो आमच्या ओट्यावर दाराशेजारच्या खुंटीला टांगलेला असायचा. येता-जाता कुणाचा खांदा लागला की मणी एकमेकांवर आपटून किणकिणायचे. दारावर बेल होती, पण आमच्याकडे कोण आलं ते आधी पाग सांगायचा.

सुट्टी आणि भरती जमून आली की बाबा तो खांद्यावर टाकून खारफुटीतून खाडीवर जायचे. लहानपणी मीही मागोमाग जायची. गुडघाभर चिखलात उभं राहून ते जाळ्याची कड दातांत धरायचे, कमरेतून वळायचे आणि सोडायचे. पाण्यावर सर्र आवाज व्हायचा, की मग सगळं शांत. दातांत धरायचा तो मणी कायम ठरलेला. शिसं मऊ असतं, त्यामुळे त्या एका मण्यावर बाबांच्या दातांचे वळ उठलेले होते आणि मला तो मणी बोटांनी चाचपायला फार आवडायचा. खाडीत पूर्वीसारखं काही राहिलं नाही असं सगळेच म्हणत, बाबाही म्हणत, पण त्यांच्या पागात काही ना काही यायचं. कधी बोयटं, कधी चार कोलंब्या, पावसाळ्यात चिवणी. आय त्याचं आंबट करायची, तांदळाची भाकरी, आणि बाबा जेवताना आमच्या ताटांकडे बघत राहायचे. पंपाच्या पगारावर घर चालायचं, तरी आम्हाला जेवायला घालतो तो पाग, असंच त्यांना वाटायचं. आज हॉटेलात बोयटं पाहिली की मी मेनूकार्ड मिटून ठेवते.

पोहायला मला बाबांनीच शिकवलं, खाडीत, कमरेला दोरी बांधून. पुढे कॉलेजात असताना वाशीच्या एका क्लबच्या तलावावर मी सुट्टीत लहान मुलांना पोहायला शिकवू लागले. तिथेच नौदलातून निवृत्त झालेले एक पाणबुडे गृहस्थ शनिवार-रविवारी स्कूबाचा कोर्स घ्यायचे. सगळे त्यांना चीफ म्हणत, म्हणून मीही चीफ म्हणायची. मी तलावाच्या काठावर उभी राहून त्यांच्या मुलांना तळाशी बसलेलं बघायची. खाली मांडी घालून बसलेत, वर बुडबुडे येतायत, कुणाला कसली घाई नाही. माझा जीव तिकडे खाली ओढला जायचा. दोन महिने असं बघत राहिल्यावर चीफ एकदा म्हणाले, तू माझ्या बॅचला मदत कर, तुझी फी मी घेणार नाही. फक्त स्वतःचं सामान आण. आणि त्यांनी मला एक झेरॉक्स दिली.

ती झेरॉक्स इंग्रजीत होती आणि तिचे दोन भाग होते. वरच्या भागात विद्यार्थ्याने स्वतः आणायच्या चार वस्तू: मास्क, स्नॉर्केल, फिन्स, पायमोजे. खालच्या भागात कोर्सकडून वापरायला मिळणाऱ्या वस्तू आणि प्रत्येकीसमोर किंमत. ही किंमत विकत घ्यायची नव्हे. वस्तू हरवली किंवा फोडली तर भरून द्यायची. चीफ शिस्तीचे होते. मी ते नीट वाचलं होतं, मला सगळं समजलं होतं. हे लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं ते मला इंग्रजी कळलं नाही म्हणून झालं नाही.

झालं ते माझ्या हुशारीमुळे. घरात काही मागायचं तर आधी डोंगराएवढं मागायचं आणि मग टेकडीवर तडजोड करायची, ही माझी जुनी युक्ती. सायकल अशीच मिळाली होती, आधी स्कूटी मागून. त्या संध्याकाळी आय ओट्यावर सुकट निवडत होती, बाबा पायरीवर बसून चहा पीत होते, आणि मी झेरॉक्स हातात धरून उभं राहून दोन्ही भाग एकापाठोपाठ वाचले. मधे थांबले नाही. मास्क इतके, फिन्स इतक्या, सूट इतका, जाकीट इतकं, रेग्युलेटर इतका, पाण्याखालचं घड्याळ इतकं, वजनं किलोला इतकी. शेवटी बेरीजही सांगितली, ती लाखाच्या वर गेली होती. आयचा हात सुकटीतच राहिला. मग ती शांतपणे म्हणाली, "बुडाला पैशे? आमच्यातली मानसं तं फुकट बुडली." मला हसू आलं, बाबांनाही आलं. मला वाटलं, आता उद्या सांगायचं की बाकीचं चीफ देतायत, मास्क आणि फिन्स तेवढ्या घेऊ या, की काम झालं.

तसंच झालं. दुसऱ्या दिवशी आयला मी स्वयंपाकघरात गाठून टेकडी मागितली. ती इतकी सुटकेने हो म्हणाली की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. तिने सुक्या मासळीच्या विक्रीतून डब्यात ठेवलेले पैसे दिले, थोडे माझ्या शिकवणीचे होते, आणि मी मास्क, स्नॉर्केल आणि वापरलेल्या पण चांगल्या फिन्स घेतल्या. पायमोजे चीफनी कुणाचे तरी राहिलेले दिले. बाबांना मात्र हे सांगायचं माझ्या ध्यानातच आलं नाही. पैसे आयकडून मिळाले होते, बाबांकडे मागायचं कारण उरलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी एवढी यादी ऐकून त्यांनी एकच गोष्ट विचारली होती, वजन म्हणजे शिसंच ना. मी हो म्हणाले होते. त्या सगळ्या यादीत त्यांना ओळखीचा वाटलेला तो एकच शब्द होता.

मास्क घरी आला त्या दिवशी बाबांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला, काच पुसली आणि घालून बघू का असं विचारलं. मी त्यांच्या डोक्यामागे पट्टा बसवून दिला. मग अंगणातल्या पाण्याच्या पिंपात त्यांनी तोंड बुडवलं. बराच वेळ ते तसेच वाकलेले राहिले. आय ओरडली की पाणी प्यायचं आहे ते. वर आले तेव्हा मिशीतून पाणी गळत होतं आणि मास्क नाकावर तिरका झाला होता. पिंपाचा तळ दिसतो, म्हणाले. एक नाणं पडलंय, कुणाचं काय माहीत. चाळीस वर्षं त्यांनी खाडीत जाळं टाकलं होतं, पण आमच्या खाडीचं पाणी गढूळ, हातभर खालचंही दिसत नाही. आपला पाग खाली गेल्यावर कसा दिसत असेल, हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. समुद्रात जाऊन आलीस की मला सांग, असं ते म्हणाले. मग दोन-तीन दिवसांनी जेवताना त्यांनी सहज विचारलं, की तुला वजन किती किलो लागेल, आणि पाणी गोडं का खारं. माझ्या तोंडात घास होता. खाऱ्यात सहा, चीफ म्हणाले, असं सांगून मी पुढचा घास घेतला.

त्यानंतर तीन आठवडे पाग खुंटीवर नव्हता. जाळं शिवायला सोसायटीच्या पंपाच्या खोलीत नेलंय, असं बाबांनी आयला सांगितलं होतं, आणि जाळी फाटतात, शिवावी लागतात, त्यात नवल काहीच नव्हतं. ताटात त्या दिवसांत सुके बोंबील जास्त येत होते. दार आवाज न करता उघडत होतं. या गोष्टी मला आज आठवतात. तेव्हा माझं डोकं तलावाच्या तळाशी होतं.

सामानासकट पहिला सराव होता त्याच्या आदल्या दुपारी बाबा कामावरून लवकर आले. काखेत आयच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते त्यांनी ओट्यावर ठेवलं तेव्हा फरशीवर असा काही जड आवाज झाला की आतून आय बाहेर आली. लुगडं उलगडलं. लिफ्टच्या पेट्यांना बांधून येतो तसला रुंद नायलॉनचा पट्टा, आणि त्यावर शिशाच्या सहा वड्या, साबणाच्या वडीपेक्षा जरा लहान, जाळं विणायच्या सुताने दोन्ही अंगांनी शिवून बसवलेल्या. कोपरे घासून गोल केलेले होते, कमरेला टोचू नयेत म्हणून. शेजारी पाग होता. त्याची कड मोकळी होती. जिथे जिथे मणी होते तिथे सुताची रिकामी वेटोळी तेवढी राहिली होती.

मी कडेवरून हात फिरवला. दातांचे वळ असलेला मणीही त्यात नव्हता. बाबा मला समजावून सांगत होते, की पंपाच्या खोलीत स्टोव्हवर वितळवलं, वाळूत साचे केले, पागाचं पुरलं नाही तेव्हा माझ्या चुलत्यांच्या पडून असलेल्या जाळ्याचं घेतलं. आय म्हणाली, दुकानात मिळालं नसतं का. त्यावर बाबांनी मान हलवली. "इकतचं शिसं कोनाचं कोन जाने," ते म्हणाले. "ह्ये पान्याला वलखतं. पोर खाली जानार हाय माजी."

वजन कोर्सकडून मिळतं, हे तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण सांगितलं असतं तर त्या मोकळ्या कडेचं काय करायचं, हे मला कळेना. आणि माझी ती डोंगर-टेकडीची युक्ती उघडी पडली असती, तीही लाज होतीच. खोटं कशाला बोलू, ती लाज पहिली होती. मी म्हणाले, बाबा, हाच पाहिजे होता. त्यांचा चेहरा असा फुलला की आता मागे फिरायची वाटच उरली नाही. मग त्यांनी पट्टा गोल गुंडाळून त्याच्या दोन्ही टोकांना गाठ मारून दाखवली. होडीवरची गाठ होती ती. कितीही ताण दिला तरी धरते आणि मोकळं टोक एकदा ओढलं की सुटते. खाली काही झालं तर एका हाताने सोडता आलं पाहिजे, हे त्यांना कुणी न सांगता समजलं होतं. शिकवू का, त्यांनी विचारलं. मला ती गाठ कधी लागणार नव्हती. मी म्हणाले, नंतर शिकवा, आता मुलांच्या पोहण्याच्या क्लासला उशीर होतोय.

पुढचे पाच आठवडे, दर शनिवारी आणि रविवारी, मी सहा किलो शिसं पिशवीत घालून घणसोलीहून वाशीला नेलं आणि परत आणलं. बसमध्ये पिशवी पायाशी ठेवायची, उतरताना खांदा निघून यायचा. तलावावर ती बाकाखाली ढकलायची आणि चीफच्या क्रेटमधला पिवळ्या वड्यांचा निळा पट्टा कमरेला लावायचा. त्याला स्टीलचं बक्कल होतं. एकदा चीफनी पिशवीला पाय लागून ठेच खाल्ली आणि यात काय दगड भरलेत का विचारलं. मी पुस्तकं आहेत म्हणाले. चीफना खरं सांगितलं असतं तर त्यांनी काहीतरी मार्ग काढला असता, हे मला आता वाटतं. स्वभावाने चांगला माणूस होता. पण मला वाटायचं की ते हसतील, आणि बाबांना कुणी हसलेलं मला चाललं नसतं. त्यांना फसवणं मात्र चालत होतं. घरी परतले की बाबा विचारायचे, शिसं बरं बसलं का. मी म्हणायची, मस्त बसलं. कमरेला लागत तर नाही. नाही बाबा, अजिबात नाही. मग ते आयकडे एकदा बघायचे आणि चहा मागायचे.

तलावातला कोर्स संपला की चीफ एक कार्यक्रम ठेवत. घरच्यांना बोलवायचं, मुलं पाण्यात काय शिकली ते दाखवायचं, मग पुढच्या आठवड्यात समुद्रासाठी मालवणला जायचं. मी घरी सांगितलंच नव्हतं. पण सोसायटीतल्या कुणाचा तरी मुलगा त्याच क्लबात पोहायला यायचा, त्यांच्याकडून बाबांना कळलं. सकाळी मी निघून गेल्यावर ते मागून आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात आयने दिलेला डबा. मी आत कपडे बदलत होते. बाहेर खुर्च्या मांडल्या होत्या, पण ते खुर्चीवर बसले नाहीत. बाकावर बसले, आणि बाकाखाली त्यांना आपली पिशवी दिसली. पोर पट्टा विसरून पाण्यात जाईल म्हणून त्यांनी तो बाहेर काढला आणि मांडीवर घेतला.

मी बाहेर आले तेव्हा माझ्या कमरेला निळा पट्टा होता. सगळ्यांच्याच होता. चीफ पालकांना सांगत होते, की नव्या माणसाने उगाच खर्च करू नये, मास्क आणि फिन्स असल्या की पुष्कळ झालं, वजनं-बिजनं सगळं आम्ही देतो. मी बाबांकडे बघितलं. ते चीफकडे बघत नव्हते, माझ्या कमरेकडेही बघत नव्हते. ते मांडीवरच्या पट्ट्याची गाठ बघत होते. तिच्यावरून अंगठा फिरवत होते. पाच आठवड्यांपूर्वी ओट्यावर त्यांनी मारलेली गाठ तशीच होती. माणूस आपली गाठ विसरत नाही, त्यातून जाळ्यावरचा माणूस तर नाहीच. दुसऱ्या कुणी सोडून परत मारली असती तर त्यांना कळलं असतं. कुणी ती सोडलीच नव्हती.

मी पाण्यात गेले. जायलाच लागलं. तळाशी बसून मास्क काढला, परत घातला, नाकाने हवा सोडून आतलं पाणी बाहेर काढलं, जे जे दाखवायचं ते दाखवलं. मास्कच्या आत पाणी परत परत साचत होतं आणि ते तलावाचं नव्हतं. वर आले तेव्हा बाबा सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होते. पट्टा मांडीवरच होता, त्यामुळे हात जरा वर उचलून वाजवत होते.

परत येताना बसमध्ये पिशवी त्यांनी मला घेऊ दिली नाही. स्वतःच्या मांडीवर धरून बसले. कोपरखैरणे मागे पडलं. मी काय म्हणणार होते ते मनात जुळवत होते: यादी, वरचा भाग, खालचा भाग, माझी चूक. मी बाबा म्हणून सुरुवात केली तेवढ्यात त्यांनी माझ्या खांद्याकडे बघितलं, जिथे पिशवीच्या बंदाचा वळ होता.

"येवढं दिस उगाच वझं वागवलंस, बाय," ते म्हणाले. "सांगाचं होतं."

एवढंच. रागावले असते तर मी रडून मोकळी झाले असते. पागाचं नावही त्यांनी काढलं नाही. घरी आयने कार्यक्रम कसा झाला विचारलं तर म्हणाले, पोर माशासारखी बसते खाली, आणि डबा उघडून जेवायला बसले, कारण तो तसाच परत आला होता.

पुढच्या आठवड्यात मी मालवणला गेले. आयुष्यात पहिल्यांदा समुद्राचा तळ बघितला. पाणी स्वच्छ होतं, खडकांवर प्रवाळ होतं, पट्ट्यापट्ट्यांचे मासे हाताशी येऊन परत फिरत होते. परत आल्यावर सांगायला म्हणून मी एकेक गोष्ट लक्षात ठेवत होते. घरी आले तेव्हा बाबा ओट्यावर होते. बरं झालं आलीस, म्हणाले. खाली काय दिसलं, हे त्यांनी विचारलं नाही. मी वाट बघितली, त्या दिवशी, त्या आठवड्यात. मग मीच सांगायला लागले तर त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि मोटर लावायची वेळ झाली म्हणून उठले. मी त्यांना दुखावलं होतं म्हणून ते विचारत नव्हते, की त्या यादीसारखंच हेही आपल्याला कळणार नाही असं त्यांनी धरून टाकलं होतं, मला आजही सांगता येत नाही. दोन्हीपैकी कुठलं खरं असलेलं बरं, तेही सांगता येत नाही.

पहिली नोकरी लागली तेव्हा मी करंजा बंदरावरून शिशाचे नवे मणी आणले, पागाला पुरून उरतील इतके, आणि त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी मूठभर हातात घेतले, खाली सोडले, आवाज ऐकला. छान आहेत म्हणाले. मग डब्यात भरून माळ्यावर ठेवले. रविवारी लावू या का, मी विचारलं. बघू, म्हणाले. मी तीन-चार वेळा विचारलं आणि प्रत्येक वेळी ते बघू म्हणाले. खाडीत आता काय राहिलंय, असंही एकदा म्हणाले. आयने मला नंतर सांगितलं, की भरतीच्या वेळी सुट्टी असली तर ते जायचे, खारफुटीपर्यंत, मोकळ्या हातांनी. थोडं उभं राहायचे आणि परत यायचे. आमच्या घरात त्या दिवसांनंतर खाडीचा मासा शिजला नाही.

बाबा गेले त्यालाही आता खूप वर्षं झाली. पंपाची नोकरी सुटल्यावर फार दिवस राहिले नाहीत. तेराव्याला चुलते पाग मागत होते, मुलाला शिकवतो म्हणाले, आणि मी तो माळ्यावरच्या डब्यासकट देऊन टाकला. ज्याला फेकता येतो त्याच्याकडे असावा. त्यांनी मणी लावले, आणि चुलत्यांच्या घरासमोरून जाताना कधी वाऱ्याने किणकिण ऐकू आली की मी पावलं उचलून पुढे जाते.

पट्टा मात्र मी दिला नाही. तो माझ्या सामानाच्या क्रेटमध्ये तळाशी असतो, लुगड्याच्या त्याच तुकड्यात. तलावावर असतो, मालवणच्या होडीवरही असतो. सामान उचलणारे तक्रार करतात की हा क्रेट सगळ्यात जड का. एकदाही कमरेला लावलेला नाही. लावायची इच्छा झाली नाही असं नाही. होडीवर एकटी असताना मी तो दोन-तीनदा बाहेर काढला, लुगडं उलगडलं, गाठीच्या मोकळ्या टोकापर्यंत हात नेला. ती सोडायला एक ओढ पुरेल, त्यांनी तशीच बांधली आहे. पण ओट्यावर उभं राहून मी नंतर शिकवा म्हणाले होते, आणि मला ती परत बांधता येत नाही.